मालकांना विचारून सांगतो

मालक रागावले की ओरडत नाहीत. आधी गप्प बसतात, मग एकच प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं. मालकांना थाप लगेच कळते. 'बघू', 'करू', 'सांगून ठेवलंय' असले शब्द त्यांच्यापुढे चालत नाहीत. त्यांच्या नुसत्या नावाने आमच्या त्या इमारतीतली बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. असा माणूस पुन्हा होणे नाही. आता हे मालक मीच एका दुपारी जिन्यात उभं राहून तयार केले होते, ही गोष्ट वेगळी. पण त्यामुळे माझ्या मनातला आदर तसूभरही कमी होत नाही.

झालं असं, की आम्ही एक जागा घेतली. राहायला नव्हे, राहायला आहे आम्हाला. गुंतवणूक म्हणून. हा शब्द आमच्या घरात शिरला तो मेव्हण्याबरोबर. माझा मेव्हणा जागांच्या व्यवहारातला जाणकार समजला जातो. त्याने स्वतः आजवर एकही जागा घेतलेली नाही, पण दुसऱ्यांना घ्यायला लावलेल्या जागांची गणती नाही. आमचीही त्यानेच हेरली. एक खोली, एक स्वयंपाकघर, एक मोरी आणि श्वास रोखून धरला तर एक माणूस उभा राहील अशी गॅलरी. कागदपत्रं, शिक्के, सह्या सगळं त्यानेच केलं. बाईमाणसाच्या नावावर घेतली तर नोंदणीला सवलत मिळते म्हणून जागा बायकोच्या नावावर घ्यायला लावली. मी फक्त सांगितलं तिथे उभा राहिलो आणि सांगितलं तिकडे बघितलं.

बायको एका शाळेच्या ऑफिसात आहे. मुख्याध्यापकांना न जुमानणारे पालक तिच्या खिडकीपाशी आले की आवाज खाली आणतात. ती म्हणाली, "एक वर्ष बघू. तुम्हाला झेपलं तर ठेवू, नाहीतर विकून टाकू." त्यातला 'झेपलं' हा शब्द मला लागला. मी विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणजे दुसऱ्यांच्या घरात झालेलं नुकसान मुळात झालंच नव्हतं, असं सविस्तर लिहिणं हे माझं काम. घर या विषयातलं मला काही कळत नाही असं निदान घरच्यांनी तरी म्हणू नये. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "तू यात अजिबात पडू नकोस. ही जागा मी बघणार." तिने माझ्याकडे बघितलं, गप्प बसली, आणि भाजी निवडायला लागली.

मग भाडेकरू शोधणं आलं. शेजाऱ्यांनी सल्ले दिले. लहान मुलं असलेल्यांना देऊ नका, भिंती रंगवतात. मुलं नसलेल्यांना देऊ नका, पार्ट्या करतात. वकिलाला देऊ नका, निघत नाही. डॉक्टरला देऊ नका, पेशंट जिन्यात बसतात. म्हाताऱ्यांना देऊ नका, तरुणांना देऊ नका, गाणाऱ्यांना देऊ नका आणि कुत्रा पाळणाऱ्यांना तर दारही उघडू नका. या सगळ्यांना वगळल्यावर पृथ्वीच्या पाठीवर जे शिल्लक राहिले, ते म्हणजे पुस्तकं बांधणारे एक काका. एकटे, साठी उलटलेले, हातांना खळीचा वास. बाइंडरकाका. पुस्तकं दाबून धरायचा एक शिकंजा, कापडाचे तागे आणि वाचनालयांच्या फाटक्या पुस्तकांचे ढीग एवढाच त्यांचा संसार.

ते जागा बघायला येणार त्या दुपारी मेव्हण्याने मला इमारतीच्या जिन्यात गाठलं.

"भाऊजी, एक सांगू? राग नका मानू. तुमचा चेहरा मालकाचा नाही."

"म्हणजे?"

"मालक कसा हवा, लांब राहणारा आणि कडक. तुम्ही जवळ राहता आणि भाजीवाल्यालासुद्धा सॉरी म्हणता. भाडेकरू तुम्हाला आठवड्यात गुंडाळून ठेवील. त्यापेक्षा तुम्ही मालकांचा माणूस व्हा. काहीही मागितलं की म्हणायचं, मालकांना विचारून सांगतो."

माझा चेहरा कशाचा आहे यावर मी विचार करतोय तोवर काका जिना चढून आले आणि म्हणाले, "आपण मालक?"

"छे छे," माझ्या तोंडून निघून गेलं, "मालक बाहेरगावी असतात."

असा मालकांचा जन्म झाला. त्यांच्या जन्माला मी आणि मेव्हणा सोडून कोणी हजर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, करारावर नाव असेल की. होतं. पण बाइंडरकाकांचा एक नियम होता. जे बांधायचं ते वाचायचं नाही. एकदा वाचायला बसलं की दिवस जातो आणि काम राहतं, असं ते म्हणत. करार त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो न वाचता सही करून घरी नेला आणि दोन दिवसांनी त्याला निळ्या कापडाची, कडा ठोकलेली अशी देखणी बांधणी करून आणला. तसा करार मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

पहिल्या आठवड्यात काकांना भिंतीत एक खिळा ठोकायचा होता. मी म्हटलं, मालकांना विचारून सांगतो. बाहेर जिन्यात गेलो, फोन कानाला लावला, शोभेल इतका वेळ उभा राहिलो आणि आत येऊन म्हणालो, "मालक म्हणाले, एक ठोका." काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून मी चकित झालो. हीच परवानगी मी दिली असती तर त्यांनी 'हं' म्हटलं असतं. मालकांनी दिली म्हणून त्या खिळ्याला वजन आलं. पुढे दिव्याची जागा बदलली, दाराला साखळी बसवली, गॅलरीत दोरी बांधली. दर वेळी मी जिन्यात जायचो आणि मालकांशी बोलून यायचो. काही गोष्टींना मालक नाही म्हणायचे. ते नाही का म्हणाले हे मलाही कळायचं नाही, पण त्यांचं बरोबर असायचं.

आणि मग मालक माझ्या हाताबाहेर वाढायला लागले.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आमचे कागद अजून न उघडता पडले होते. त्यांना मी एकदा म्हटलं, "लिफ्ट बंद आहे, मालकांच्या कानावर घालावं लागेल." सेक्रेटरी खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, "घाला, पण माझं नाव सांगून घाला. पूर्वी बोलणं झालंय आमचं फोनवर. माणूस कडक आहे, पण न्यायी आहे." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. माझं अजून मालकांशी एकदाही बोलणं झालं नव्हतं, आणि यांचं झालं होतं! दुसऱ्या दिवशी लिफ्ट चालू. त्यानंतर वॉचमनने मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, काल मालक येऊन गेले ना? पांढरे केस, हातात काठी. वर बघितलं, काही न बोलता निघून गेले." माझ्या अंगावर काटा आला. आपण घरी नसताना आपल्या घरात कोणीतरी थोर माणूस येऊन जावा, तसं मला वाटलं.

वीज मंडळाच्या ऑफिसात मीटरवरचं नाव बदलायला गेलो, तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, मालक कोण? समोर मी उभा, आणि तोंडातून सवयीने निघालं, "मालक बाहेरगावी असतात." ते म्हणाले, मग ते आल्यावर या. मी बरं म्हणून, सॉरी म्हणून, परत आलो. मीटरवर अजून आधीच्या माणसाचंच नाव आहे.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग छतावर डाग आला.

सुरुवातीला तो इतका लहान होता की मी आणि काकांनी तो डाग आहे की सावली यावर चर्चा केली. पुढच्या आठवड्यात तो ताटाएवढा झाला. मग त्याला कडा आल्या, कडांना पिवळी किनार आली, आत दुसरा डाग आला. विमा कंपनीत मी गळतीचे शेकडो फोटो बघून खाली 'अमान्य' असं लिहिलं आहे, पण गळती समोरासमोर कधी भेटली नव्हती. ते प्रकरण भव्य होतं. आवाज नाही, घाई नाही. दगड, सिमेंट, लोखंड यांच्यातून ते पाणी आपली वाट काढत माझ्यापर्यंत येत होतं. मान दुखेपर्यंत मी वर बघत उभा राहायचो.

वरच्या मजल्यावर जे गृहस्थ राहायचे ते निवृत्तीपूर्वी हवामान खात्यात होते, म्हणून सगळे त्यांना हवामान म्हणत. त्यांची मोरी बरोबर आमच्या डागावर होती. मी वर जाऊन बेल वाजवली आणि सॉरी म्हणून डागाचा विषय काढला.

"गळती?" हवामान हसले. "अहो, ही हवेतली आर्द्रता. गरम हवा वर जाते, थंड स्लॅबला लागते, पाणी होतं. तुमच्या भाडेकरूला श्वास कमी घ्यायला सांगा."

"पण डाग तुमच्या मोरीखालीच..."

"योगायोग. आमच्या खात्यात योगायोगाला फार महत्त्व असे."

मग मी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही अधूनमधून आठवतो. भिंतीच्या आतला गिलावा तुमचा. भिंत दोघांची. बाहेरची बाजू सोसायटीची. छताचा खालचा रंग तुमचा, वरची फरशी त्यांची, मधला स्लॅब सामायिक. पाइप ज्याचं पाणी त्याचा, पण पाइप भिंतीत शिरला की भिंतीचा.

"मग मालकांनी नेमकं विकत काय घेतलंय?" मी विचारलं.

सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे विचार केला. "मधली हवा," ते म्हणाले. "ती मात्र पूर्ण तुमची. म्हणजे तुमच्या मालकांची."

मी परत त्या खोलीत गेलो आणि मधोमध उभा राहिलो. चारी बाजूंना ती हवा होती. आयुष्यभराची बचत घालून आम्ही ती घेतली होती आणि हवामान म्हणत होते त्याप्रमाणे तीच आता पाणी होऊन टपकत होती. मला गहिवरून आलं.

सेक्रेटरींनी तोडगा सांगितला. वरची मोरी फोडून बघायची तर दोन्ही जागांचे मालक समोरासमोर हवेत. "हवामानांना आम्ही आणतो. तुम्ही तुमच्या मालकांना आणा. रविवारी."

मी म्हटलं, मालकांना विचारून सांगतो.

दरम्यान एक वेगळीच गोष्ट घडत होती. बाइंडरकाकांना माझी दया यायला लागली होती. ऑफिस सुटल्यावर मी रोज धावतपळत यायचो, डागाखाली बादली सरकवायचो, वर जायचो, अपमान करून घ्यायचो, खाली यायचो, आणि जिन्यात जाऊन मालकांची बोलणी खाऊन यायचो. काका हे सगळं बघत. एक दिवस त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं, "देतात काय तुम्हाला तुमचे मालक?"

"तसं काही नाही."

"फुकट?" काकांचा कप हवेत राहिला. "अहो, हे काय आहे? मी आयुष्यभर भाड्याने राहिलो, नाना तऱ्हेचे मालक बघितले. पण माणसाला असं राबवणारा नाही बघितला. सोडा हे. माझ्याकडे बसा. शिवण शिकवतो."

आणि खरंच शिकवली. कागदाची घडी कशी घालायची, घडीवर हाडाची पट्टी कशी ओढायची, सुई कुठून शिरते आणि कुठून निघते. सुटी पानं एका दोऱ्यात येऊन त्यांचं पुस्तक व्हायचं तेव्हा मला लहान मुलासारखा अचंबा वाटायचा. घरी मी जरा उशिरा जायला लागलो. बायकोला सांगायचो, जागेचं काम होतं. खोटं नव्हतं. त्या खोलीत मला बरं वाटायचं, एवढं खरं.

आणि एका संध्याकाळी डाग फुटला. फार नाही, थेंब थेंब. पण ते थेंब नेमके एका वाचनालयाच्या, दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांच्या ढिगावर पडले. मी गेलो तेव्हा काका जमिनीवर बसून एकेक पान उलगडून वाळत घालत होते. खोलीभर पानं पसरलेली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले.

"महिनाअखेर मी जागा सोडतो."

"काका, अहो..."

"पाण्याचं काही नाही हो. पाणी कुठेही गळतं. पण ज्या मालकाला आपल्या घराचं छत एकदा येऊन बघावंसं वाटत नाही, त्याच्या छताखाली मला राहायचं नाही. जायच्या आधी फक्त एकदा त्यांना इथे उभं करा. मला त्यांना एकच वाक्य ऐकवायचंय."

मला रडू येईल असं वाटलं. काका गेले तर जागा रिकामी, जागा रिकामी राहिली तर वर्षाअखेर विकणं आलं, आणि 'झेपलं नाही' हे घरी ऐकणं आलं. पण तेही बाजूला राहू दे. काका जाणार आणि ही संध्याकाळची शिवण बंद होणार, हेच मला सहन होईना. ते जाणार होते ते अशा एका माणसामुळे, जो नव्हताच. मी मनाचा हिय्या केला.

"काका, मालक कोणी नाही. मालक मीच आहे."

काकांनी हातातलं ओलं पान खाली ठेवलं. मग त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"केवढी ही निष्ठा!" ते म्हणाले. "त्यांचा दोषसुद्धा तुम्ही स्वतःच्या अंगावर घेताय!"

मी शपथ घेतली. त्याने तर त्यांची खात्रीच पटली. शेवटी मी तसाच बाहेर पडलो, तो इतका गडबडीत की चष्मा घरासकट त्यांच्या शिकंज्यावर विसरलो.

आणि तिथे माझं नशीब फिरलं. चष्म्याच्या घरावर माझा पत्ता होता. शनिवारी सकाळी मी दळण घेऊन घरी आलो, तर आमच्या बैठकीत बाइंडरकाका! समोर बायको. दोघांच्या हातात चहा, मधे टेबलावर माझा चष्मा.

काका तिला सांगत होते, "वहिनी, तुमचे यजमान देवमाणूस आहेत, पण भोळे. त्या मालकांनी त्यांना पार पिळून काढलंय. तुम्ही तरी त्यांना समजवा."

बायको शांतपणे ऐकत होती. "कसे आहेत हो हे मालक?" तिने विचारलं.

"ओरडत नाहीत म्हणे. गप्प बसतात आणि एकच प्रश्न विचारतात. त्यांना थाप चालत नाही. यांची तर नुसतं नाव काढलं तरी बोबडी वळते."

बायकोने माझ्याकडे बघितलं. पिठाचा डबा माझ्या हातात होता तो मी खाली ठेवायला विसरलो.

"काका, उद्या रविवारी मालक येतील," ती म्हणाली. "मी बघते."

काका गेले. बायकोने कप उचलले, विसळले, पालथे घातले. ती गप्प होती. मग पदराला हात पुसत तिने एकच प्रश्न विचारला.

"जागा कोणाच्या नावावर आहे?"

मला उत्तर देता येईना. म्हणजे उत्तर येत होतं, पण ते ज्या वेगाने माझ्या डोक्यात शिरलं त्याने मी खुर्चीत बसलो. मालक होते! पहिल्या दिवसापासून होते. मी जिन्यात उभा राहून जे काही बोललो त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी खरोखरच मालकांचा माणूस होतो; फक्त मालक कोण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मालकांचा स्वभाव, ते गप्प बसणं, तो एक प्रश्न, ते थाप ओळखणं, हे सगळं मी कल्पनेतून काढलंय असं मी इतके दिवस समजत होतो.

"मी काय तापट आहे?" तिने विचारलं.

"छे, अगं, मालक तापट नाहीत. कडक आहेत. न्यायी आहेत. सेक्रेटरीसुद्धा म्हणाले."

ती हसली नाही, पण हसू आवरताना तिची हनुवटी हलते ती हलली. "मला आधी सांगितलं असतं तर?"

"तू विकून टाकशील असं वाटलं."

"विकायचं म्हटलं ते तुमची धावपळ मला बघवत नाही म्हणून," ती म्हणाली. "जागेचं काय एवढं. डाग किती मोठा आहे ते सांगा."

मी हात पसरून दाखवला. ती म्हणाली, बरं.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वॉचमन दारात ताठ उभा होता. हवामान एका जाड पुस्तकावर बोट ठेवून तयारीत होते. अधूनमधून शेजारीपाजारी डोकावून विचारत, आले का? बाइंडरकाका कोपऱ्यात ओठ हलवत आपलं वाक्य पाठ करत होते. मेव्हणाही आला होता; तो खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता आणि माझ्याशी नजर मिळवत नव्हता.

बायको आली ती खांद्यावर रोजची कापडी पिशवी घेऊन. सरळ डागाखाली गेली आणि वर बघत उभी राहिली. काही बोलली नाही. हळूहळू सगळी खोली गप्प झाली.

"या वहिनी, बसा ना," सेक्रेटरी म्हणाले. "मालक येताहेत ना मागून?"

"आलेत," बायको म्हणाली. "जागा माझ्या नावावर आहे."

सेक्रेटरींचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. वॉचमनने सलाम ठोकला आणि मागच्यांना हलक्या आवाजात सांगितलं, "ह्याच त्या. मी बघितलेल्या." पांढऱ्या केसांचं आणि काठीचं काय झालं हे त्याला कोणी विचारलं नाही. मेव्हणा खिडकीतून आणखीच बाहेर झुकला.

हवामानांनी पुस्तक उघडलं. "बाई, ही आर्द्रता आहे. गरम हवा वर..."

"असेल," बायको म्हणाली. "आपण बघू या. तुम्ही चार दिवस आंघोळ बंद ठेवा. डाग वाढला तर हवा. नाही वाढला तर मोरी."

"चार दिवस?"

"लवकर कळलं तर लवकर सुरू करा. काका रोज डागाभोवती पेन्सिलने रेघ मारतील. आणि डाग वाढला नाही तर मोरी फोडायचा, दुरुस्तीचा आणि काकांच्या भिजलेल्या कागदाचा खर्च तुमच्याकडे. वाढला तर माझ्याकडे, वर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागीन. सेक्रेटरी, असंच ना?"

"अगदी असंच," सेक्रेटरी म्हणाले. भिंत कोणाची, गिलावा कोणाचा, यातलं त्यांनी काहीसुद्धा काढलं नाही.

खोलीतले सगळे हवामानांकडे बघायला लागले. ते डागाकडे बघत होते. बाहेर चांगलंच उकडत होतं. त्यांनी एकदा मान पुसली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "तसा माझ्या मोरीचा एक सांधा जरा जुना आहे. बोलवा प्लंबरला."

हे एवढंसं काम! यासाठी मी किती संध्याकाळी त्या जिन्यात चढलो-उतरलो, कितीदा बेल वाजवली, किती सॉरी म्हटलं. तिला एक वाक्य लागलं, आणि तेही आवाज न चढवता. ज्या बाईबरोबर मी इतकी वर्षं एका घरात काढली, जिला मी रोज मिठाचा डबा कुठे आहे विचारतो, ती एवढी मोठी आहे हे मला त्या भाड्याच्या खोलीत, गळक्या छताखाली कळलं. माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, छतातून काही पडलं.

मग बाइंडरकाका पुढे आले. त्यांचं वाक्य राहिलं होतं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काल चहा कोणाकडे घेतला ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे यांना ही नोकरी सोडतासुद्धा येणार नाही!"

"नाही," बायको म्हणाली. "तुमचं वाक्य काय होतं काका?"

काका थोडे गडबडले. मग मान वर करून त्यांनी ते म्हटलंच. "माणूस चांगला मिळालाय तुम्हाला. त्याला जपा."

बायको पुन्हा गप्प झाली. या वेळचं गप्प बसणं मला ओळखता आलं नाही. तिने पिशवीचा बंद सारखा केला, छताकडे एकदा बघितलं, आणि म्हणाली, "छत दुरुस्त झालं की तुम्ही राहणार ना?"

"राहतो," काका म्हणाले.

मंडळी पांगली. बायको जिना उतरायला लागली. मी तिच्यामागून निघालो, तर काकांनी दारातून हाक मारली. "उद्या संध्याकाळी येताय ना? तुमची शिवण अर्धी राहिलीय."

मी वळलो, आणि सवयीने निघून गेलं, "मालकांना विचारून सांगतो."

खालच्या वळणावर पावलं थांबली.

"जा म्हणावं," जिन्यातून आवाज आला. "आणि या वेळी चष्मा आठवणीने परत आणायचा."